फ्रेझर स्टॉडर्ट यांची कंपनीतली तीन वर्षे

गोदातीर (धागाकर्ता)

नाशिकच्या महाविद्यालयांतून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या मुलांना घरातून आणि बाहेरून दोनच वाटा दाखवल्या जातात. एक तर नेटची तयारी करून संशोधनाकडे वळायचे, नाही तर सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एखाद्या कारखान्यात रुजू व्हायचे. त्यातही एकदा कारखान्यात पाऊल टाकले की संशोधनाशी संबंध संपला, असा समज इतका पक्का आहे की मुले त्याची चिकित्साही करत नाहीत. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि हा समज खोडताना मला नेहमी रसायनशास्त्रज्ञ सर फ्रेझर स्टॉडर्ट यांचे उदाहरण द्यावेसे वाटले. ३० डिसेंबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ज्या बातम्या आल्या, त्यांत २०१६ चे नोबेल आणि रेण्वीय यंत्रे (ज्यांचे भाग हवे तसे हलवता येतात असे रेणू) यांचा उल्लेख होता. पण ती यंत्रे ज्या कल्पनेवर उभी राहिली ती एका रसायन कंपनीत, तणनाशकाच्या निमित्ताने सुचली होती, हे फारसे कोणी सांगितले नाही. म्हणून हा धागा.

ज्यांचा विषय रसायनशास्त्र नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. अणूंना रेणूच्या आत बांधून ठेवणारे सहसंयुज बंध हा नेहमीच्या कार्बनी रसायनशास्त्राचा विषय आहे. सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्र त्याच्या पुढचा प्रश्न विचारते: दोन स्वतंत्र रेणू हायड्रोजन बंध, विद्युतभारांचे आकर्षण किंवा सपाट वलयांची एकमेकांवर रचना अशा क्षीण बलांच्या आधारे एकमेकांना ओळखतात कसे आणि धरून ठेवतात कसे? या शाखेला गती मिळाली ती १९६७ मध्ये, चार्ल्स पेडरसन यांनी क्राउन ईथरवरचा (ऑक्सिजन अणूंची माळ असलेल्या वलयाकार रेणूंवरचा) निबंध प्रसिद्ध केला तेव्हा. पुढे स्ट्रासबर्गच्या ज्याँ-मारी लेन यांनी क्रिप्टँड हे पिंजऱ्यासारखे रेणू बनवून आणि लॉस एंजेलिसच्या डोनाल्ड क्रॅम यांनी यजमान-पाहुणा रेणूंची (एक रेणू दुसऱ्याला आत धरतो, अशा जोड्यांची) पद्धतशीर मांडणी करून ती वाढवली. १९८७ चे नोबेल या तिघांना मिळाले.

स्टॉडर्ट यांचा जन्म १९४२ मध्ये एडिनबरा इथला. शहराच्या दक्षिणेला त्यांचे आईवडील कुळाने शेत कसत होते आणि मुलाचे बालपण त्या शेतावर गेले. एडिनबरा विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली ती बाभळीच्या कुळातल्या झाडांच्या डिंकावर, म्हणजे मुळात शर्करांच्या रसायनशास्त्रावर. (आपल्याकडे हा विषय लाडवांपुरता मर्यादित राहिला, ही आपली आवड.) १९६७ मध्ये ते कॅनडातल्या किंग्स्टन इथल्या क्वीन्स विद्यापीठात गेले आणि त्याच सुमारास पेडरसन यांचा निबंध त्यांच्या हाती पडला. शर्करांची सवय असलेल्या माणसाला क्राउन ईथरमधली ऑक्सिजन अणूंची माळ ओळखीची वाटली असणार. पुढे इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये प्राध्यापकी करताना त्यांनी मॅनिटॉलसारख्या सहज मिळणाऱ्या पदार्थांपासून चिरल (डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपे असलेले) क्राउन ईथर बनवले. हे काम चांगले होते, पण तेवढ्यावरच थांबले असते तर आज त्यांच्यावर धागा निघाला नसता.

१९७८ ते १९८१ ही तीन वर्षे ते इंग्लंडमधल्या रनकॉर्न इथल्या आयसीआय (इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज) कंपनीच्या कॉर्पोरेट प्रयोगशाळेत होते. तिथे हॉवर्ड कॉलक्हून यांच्यासोबत त्यांनी एक प्रश्न हाती घेतला: धातूच्या आयनाला आधीच चिकटलेल्या अमोनियासारख्या गटांना क्राउन ईथर बाहेरून, दुसऱ्या कक्षेतून, धरू शकेल का? तो धरू शकतो हे दिसल्यावर त्यांची नजर कंपनीच्याच दोन उत्पादनांकडे गेली. डायक्वॉट आणि पॅराक्वॉट ही दोन्ही तणनाशके म्हणजे दोन धन भार असलेले, सपाट, इलेक्ट्रॉनची उणीव असलेले रेणू. डायक्वॉटला डायबेंझो-३०-क्राउन-१० या मोठ्या वलयाने आत घेतले. पॅराक्वॉटसाठी, शेफील्डला परतल्यावर, त्यांनी दोन हायड्रोक्विनोन असलेले ३४ अणूंचे वलय बनवले. हायड्रोक्विनोनकडे इलेक्ट्रॉन मुबलक आणि पॅराक्वॉटकडे तुटपुंजे, त्यामुळे दोघांची वलये एकमेकांवर बसतात आणि बिनरंगी द्रावणे एकत्र करताच नारिंगी रंग उमटतो.

मला त्यांचे खरे कर्तृत्व दिसते ते यापुढे. त्यांनी भूमिका उलटवल्या. आतापर्यंत पॅराक्वॉट पाहुणा होता. १९८८ मध्ये त्यांनी पॅराक्वॉटच्या दोन एककांपासून चौकोनी पेटी बनवली आणि हायड्रोक्विनोनला पाहुणा केले. निबंधांतल्या आकृत्यांत ही पेटी नेहमी निळ्या रंगात काढलेली असे, म्हणून ती ‘निळी पेटी’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर सुमारे ६.८ ॲंगस्ट्रॉम (अणूंच्या मापाचे एकक) आहे, म्हणजे मधे एक सपाट सुगंधी (ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारखे) वलय नेमके मावेल इतके. वलय आणि पेटी दोन्ही हाताशी असल्यावर एकाभोवती दुसरे बंद करणे ही पुढची पायरी ठरली आणि १९८९ मध्ये साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत अडकलेले दोन वलयांचे कॅटेनेन ७० टक्के उताऱ्याने मिळाले. या ७० चे महत्त्व समजण्यासाठी मागचे आकडे पाहावेत. १९६० मध्ये एडेल वॉसरमन यांनी पहिले कॅटेनेन बनवले तेव्हा वलये योगायोगाने एकमेकांत अडकण्यावर भिस्त होती आणि उतारा एक टक्क्याहूनही कमी होता. १९८३ मध्ये ज्याँ-पिएर सोव्हाज यांनी तांब्याच्या आयनाभोवती तुकडे जुळवून तो ४२ टक्क्यांवर नेला. स्टॉडर्ट यांना धातूही लागला नाही; दोन रेणूंमधले आकर्षणच साचा झाले.

१९९१ मध्ये हीच पेटी एका लांब दांड्यावर ओवली गेली. दांड्यावर हायड्रोक्विनोनची दोन ठाणी होती आणि पेटी सामान्य तापमानाला त्या दोहोंमध्ये सेकंदाला शेकडो वेळा ये-जा करत होती. १९९४ मध्ये दोन ठाणी वेगळी ठेवून, आम्ल किंवा विद्युत देऊन पेटीला हव्या त्या ठाण्यावर नेता आले. नोबेल समितीने जे गौरवले ते हे.

तेव्हा माझे म्हणणे असे की कंपनीतली ती तीन वर्षे या माणसाच्या संशोधनातला खंड नव्हती. त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांचा विषय त्याला तिथे मिळाला. आपल्या मुलांना हे सांगितले जावे की नाही, यावर मते यावीत.

सातपूरकर

सर, लेख आवडला, परंतु निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. मी औषधनिर्मितीच्या एका कंपनीत फॉर्म्युलेशन (औषधाला गोळी, द्रव अशा वापरायच्या रूपात आणण्याच्या) विभागात काम करतो आणि या विषयाशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आयसीआयची कॉर्पोरेट प्रयोगशाळा आणि आमच्या औद्योगिक वसाहतीतली सर्वसाधारण प्रयोगशाळा यांत नावापुरतेच साम्य आहे. तिथे मोठी कंपनी आपल्या नफ्यातला काही भाग अशा प्रश्नांवर खर्च करत होती ज्यांचे उत्तर पाच-दहा वर्षांनी मिळाले तरी चालणार होते. शिवाय स्टॉडर्ट तिथे गेले ते विद्यापीठातली जागा राखून. इथे रुजू होणारा मुलगा सकाळच्या पाळीत एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) नमुने लावतो, दुपारी त्यांचे अहवाल लिहितो आणि लेखापरीक्षण आले की त्या अहवालांच्या फायली लावतो. त्याला दुसऱ्या कक्षेचा प्रश्न पडला तरी तो विचारायला वेळ आणि मुभा कोण देणार? त्याला स्टॉडर्ट यांचे उदाहरण देणे म्हणजे खोटी आशा लावणे होईल, अशी मला भीती वाटते.

मात्र याच शाखेतली दोन उदाहरणे तुमच्या बाजूने जातात, तीही नोंदवतो. पेडरसन यांनी आपली सारी नोकरी ड्यूपॉन्टमध्ये केली आणि त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. व्हॅनेडियमसाठी एक संयुग बनवताना त्यांच्या कच्च्या मालात कॅटेकॉलची थोडी अशुद्धी राहिली होती, तिच्यामुळे ०.४ टक्के इतका नगण्य उपपदार्थ मिळाला आणि तो फेकून न देता त्यांनी तपासला. मेथॅनॉलमध्ये जेमतेम विरघळणारे ते पांढरे स्फटिक सोडियमचा कोणताही क्षार घातला की सहज विरघळतात, हे त्यांनी हेरले. दुसरे उदाहरण सुगामाडेक्सचे. ऑर्गॅनॉन कंपनीच्या स्कॉटलंडमधल्या प्रयोगशाळेत रोक्युरोनियम या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधासाठी विद्रावक शोधत असताना असे दिसले की गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिन त्याला फारच घट्ट धरून ठेवते. विद्रावक म्हणून हा दोषच. पण शस्त्रक्रियेनंतर औषधाचा परिणाम उतरवण्यासाठी तोच गुण हवा होता. या सुधारित सायक्लोडेक्स्ट्रिनला, म्हणजेच सुगामाडेक्सला, युरोपात २००८ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. आठ ग्लुकोज एककांचे एक वलय रुग्णाच्या रक्तात जाऊन एक रेणू पकडते आणि मूत्रावाटे बाहेर नेते, यापेक्षा थेट उपयोग या शास्त्राचा दुसरा मला माहीत नाही.

शोधछात्रा

मी मूळची सिन्नरची, सध्या पुण्यात यजमान-पाहुणा रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. चर्चा कंपनी की विद्यापीठ अशी चालली आहे, पण या शाखेत दिवस कसा जातो हे कोणी लिहिलेले नाही, आणि करिअरचा निर्णय खरे तर त्यावरून घ्यायला हवा.

बाहेरून वाटते की आम्ही सुंदर आकाराचे रेणू बनवतो. बनवतो हे खरे, पण तो कामाचा लहान भाग आहे. बाकीचा सारा वेळ मोजण्यात जातो: हा यजमान त्या पाहुण्याला किती घट्ट धरतो, कोणत्या द्रावकात, कोणत्या तापमानाला. त्या घट्टपणाला आम्ही बंधन-स्थिरांक म्हणतो आणि तो एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूंचा वर्णपट घेण्याचे तंत्र) टायट्रेशनने काढतो. यजमानाची संहती कायम ठेवून पाहुण्याचे द्रावण थोडे थोडे घालत जायचे, प्रत्येक वेळी वर्णपट घ्यायचा आणि प्रोटॉनचे शिखर किती सरकले ते नोंदवून वक्र बसवायचा. ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात पाहुण्याचे वजन किंचित चुकले किंवा क्लोरोफॉर्ममध्ये दमट हवेतले पाणी उतरले की आकडा बदलतो, आणि बदलला आहे हे वक्र पाहून कळेलच असे नाही. बंधन फार घट्ट असेल तर एनएमआरच्या संहतीला सगळा पाहुणा पकडलाच जातो, वक्र दोन सरळ रेषांसारखा दिसतो आणि त्यातून खरा स्थिरांक निघत नाही. मग उष्णतामापी टायट्रेशन किंवा स्पर्धक पाहुणा वापरून अप्रत्यक्ष मार्गाने जावे लागते. एकास एक प्रमाण सिद्ध करायला पूर्वी सर्रास जॉब नावाच्या शास्त्रज्ञाच्या पद्धतीचा आलेख काढत. क्षीण बंधनांच्या बाबतीत तो फसवतो हे आता मान्य झाले आहे, तरी जुन्या सवयीने काही परीक्षक तो मागतात.

द्रावकाचा परिणाम किती असतो याचा एकच नमुना देते. १८-क्राउन-६ हा क्राउन ईथर पोटॅशियमला मेथॅनॉलमध्ये धरतो तेव्हा स्थिरांक दहाच्या सहाव्या घाताच्या आसपास असतो. पाण्यात तोच जेमतेम शंभर होतो, कारण पाणी स्वतः पोटॅशियमला सोडायला तयार नसते. स्टॉडर्ट सरांच्या पॅराक्वॉट आणि हायड्रोक्विनोन-वलयाचा स्थिरांक ॲसिटोनमध्ये सुमारे ७३० आहे, म्हणजे या शास्त्राच्या हिशेबाने अगदी माफक. अशा माफक आकर्षणावर त्यांनी ७० टक्के उताऱ्याचे कॅटेनेन उभारले, हे मला पेटीच्या कल्पनेपेक्षाही मोठे वाटते. आणि त्यांना हे एकट्याने जमले नाही. त्यांचे स्फटिक इम्पिरियल कॉलेजच्या डेव्हिड विल्यम्स यांनी क्ष-किरणांनी उलगडले, प्रकाश आणि विद्युत-रसायनाचे मोजमाप बोलोन्याच्या व्हिन्चेन्झो बाल्झानी यांच्या गटाने केले. स्वतःला न येणारे मोजमाप ज्याला येते त्याच्याकडे नमुना घेऊन जाण्याचा संकोच त्यांनी बाळगला नाही.

सातपूरकर दादा, तुमचा मुद्दा मुभेचा आहे आणि तो बरोबर आहे. पण मुभा विद्यापीठातही सगळ्यांना मिळत नाही. मार्गदर्शकाचा प्रकल्प संपायच्या आत निबंध हवा असतो, ०.४ टक्क्यांचा उपपदार्थ तपासायला आमच्याकडे तरी कोणाला सवड आहे?

निफाडचा बागायतदार

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही, बी.ए. करून द्राक्षबाग सांभाळतो. पॅराक्वॉटचे नाव वाचून थांबलो. आमच्या भागात ते बांधावर मारतात आणि त्याची विषबाधा झालेली माणसे वाचत नाहीत, हे आम्ही पाहिले आहे. ज्या शास्त्रज्ञांनी त्या रेणूला पकडणारी वलये बनवली, त्यांना त्यावरचा उतारा का नाही बनवता आला? आणि या शास्त्राचा शेतमालाला काही उपयोग असेल तर तोही सांगावा.

गोदातीर

बागायतदार साहेब, पहिला प्रश्न अगदी नेमका आहे. पॅराक्वॉटवर आजही खात्रीचा उतारा नाही. स्टॉडर्ट यांची वलये ॲसिटोनसारख्या द्रावकात पॅराक्वॉटला धरतात, पण शरीर पाण्याचे आहे आणि क्षारांनी भरलेले आहे. तिथे ७३० चा स्थिरांक कामाचा नाही. पाण्यात काम करणारे यजमान वेगळे, त्यातला कुकुर्बिट[७]युरिल हा पॅराक्वॉटला चांगला धरतो आणि प्राण्यांवर त्याचे प्रयोग झालेले आहेत. अडचण अशी की पॅराक्वॉट फुप्फुसांच्या पेशींत लवकर शिरते आणि पेशीत शिरलेला रेणू रक्तातले वलय परत आणू शकत नाही. तेव्हा औषध म्हणून त्यावर आज भिस्त ठेवता येत नाही, आणि रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेणे याला पर्याय नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरा आनंदाचे आहे. फळ पिकवणाऱ्या इथिलीनला अडवणारा १-मेथिलसायक्लोप्रोपीन हा वायू आहे. तो साठवणे आणि मोजून सोडणे अवघड असते. त्याला अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या वलयात कोंडले की पांढरी भुकटी होते, आणि पाण्यात टाकली की वायू हळूहळू बाहेर येतो. सफरचंदांच्या शीतगृहांत ही पद्धत जगभर वापरली जाते. टोमॅटो, केळी ही इथिलीनने पिकणारी फळे असल्याने त्यांना हे तत्त्व लागू पडते. द्राक्षाला मात्र नाही, कारण द्राक्ष वेलीवरून उतरल्यावर पुढे पिकत नाही. तुमच्या पेटीत जे गंधकाचे कागद ठेवतात ते बुरशीसाठी असतात, पिकणे रोखण्यासाठी नव्हे.

शोधछात्रा यांनी मोजमापाचा मुद्दा काढला हे बरे झाले. त्याला जोडून, सातपूरकर यांच्यासाठी एक गोष्ट सांगायची राहिली होती. २०१३ मध्ये स्टॉडर्ट यांच्या अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटात सायक्लोडेक्स्ट्रिनच्या सच्छिद्र घनाकृती रचना करण्याचा प्रयत्न चालू होता. अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या द्रावणात सोन्याचा ब्रोमाइड क्षार घातला तर घनाकृतींऐवजी काही मिनिटांत सुईसारखे स्फटिक खाली बसले. प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचे तसेच क्षार घेतले तर असे होत नव्हते. त्यातून सायनाइड न वापरता सोने वेगळे काढण्याची पद्धत निघाली, आणि तीही स्टार्चपासून मिळणाऱ्या स्वस्त पदार्थाने. सराफ बाजाराच्या गल्ल्यांत झारेकरी (सराफी दुकानांच्या कचऱ्यातून सोने वेचणारे) आजही जे काम कष्टाने करतात, त्याच्या जवळचा हा विषय. पण मला महत्त्वाचे वाटते ते असे की या सुया तयार होण्यामागचे कारण दुसऱ्या कक्षेतले बंधन होते, म्हणजे रनकॉर्नमध्ये कॉलक्हून यांच्यासोबत १९८१ च्या सुमारास अभ्यासलेला तोच प्रश्न. तीस वर्षांनी तो आपोआप समोर आला तेव्हा त्यांना ओळखता आला, कारण तो त्यांनी एकदा हाताळला होता.

पालक, सिडको

माझी मुलगी यंदा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चर्चा वाचली, बरीचशी डोक्यावरून गेली, तरी तिला वाचायला दिली. व्यावहारिक प्रश्न असा की या शाखेत पीएच.डी. करायची तर पोटापाण्याचे काय, आणि पाच वर्षांनी नोकरी कुठे मिळते? परदेशी जावेच लागते का?

शोधछात्रा

काका, जे मला ठाऊक आहे तेवढेच लिहिते. सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते. त्यात जेआरएफ (संशोधन करणाऱ्याला मिळणारी शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, अधिक घरभाडे. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असे नाही, काही महिन्यांचे एकदम येतात, त्यामुळे पहिल्या वर्षी घरून थोडा आधार असावा. नाशिकच्या जवळ म्हणाल तर पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर या दोन्ही संशोधन संस्थांत सच्छिद्र जालकांवर आणि रेणूंच्या स्वयंरचनेवर काम झालेले आहे. बंगळुरूचे आयआयएससी, तिथलेच जेएनसीएएसआर आणि तिरुवनंतपुरमचे एनआयआयएसटी या संशोधन संस्था ही या शाखेची देशातली जुनी केंद्रे आहेत. स्फटिक अभियांत्रिकीत (रेणूंपासून हवी तशी स्फटिकरचना घडवण्याच्या शास्त्रात) गौतम देसिराजू यांचे काम तर जगभर पायाभूत मानले जाते, आणि ते हैदराबाद व बंगळुरू इथे राहूनच झाले आहे.

प्राध्यापक व्हायचे असेल तर परदेशात दोन-तीन वर्षे पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे संशोधन) करणे हा आता जवळपास नियम झाला आहे. तो योग्य आहे असे मी म्हणत नाही. २०२५ चे नोबेल धातू-कार्बनी जालकांना (धातूचे अणू आणि कार्बनी रेणू जोडून केलेल्या सच्छिद्र रचनांना) मिळाल्यापासून या बाजूच्या प्रकल्पांना थोडी मागणी वाढेल असे आमच्या प्रयोगशाळेत बोलले जाते, पण त्यावर पाच वर्षांचा बेत आखू नये.

मुलीला विषय विचारू नका, हे विचारा: तोच प्रयोग चौथ्यांदा लावून आकडा जुळला तर तिला आनंद होतो का? तसा होत नसेल तर संश्लेषणाकडे (रेणू बनवण्याच्या कामाकडे) जावे, तिथे नोकऱ्याही जास्त आहेत.

सातपूरकर

सोन्याचा आणि दुसऱ्या कक्षेचा संबंध मला माहीत नव्हता. त्यामुळे गोदातीर सरांचा मूळ मुद्दा मला आता वेगळा दिसतो: कंपनीतून त्यांनी प्रश्न नेला आणि विद्यापीठात तो वाढवला. म्हणजे परतीची वाट उघडी होती म्हणून हे घडले. आपल्याकडे कंपनीतून विद्यापीठात परतणाऱ्याची नोकरीतली वर्षे सहसा अनुभव म्हणून धरली जात नाहीत आणि वयाची अट आडवी येते. मुलांना उपदेश करण्यापेक्षा महाविद्यालयांनी ही वाट कशी उघडेल यावर बोलले तर बरे.

पालकांसाठी एक भर. सुप्रामॉलिक्युलर या नावाखाली जाहिरात निघत नाही, पण ते काम आमच्याकडे रोज होते. पाण्यात न विरघळणारे औषध सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये बसवायचे असेल तर हिगुची आणि कॉनर्स यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या पद्धतीने विद्राव्यतेचे आलेख काढावे लागतात, आणि त्यांच्या उतारावरून जो आकडा निघतो तो शोधछात्रा ताई म्हणतात तोच बंधन-स्थिरांक. साधे बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन पाण्यात लिटरला १८ ग्रॅमच्या आसपासच विरघळते, म्हणून त्याचे हायड्रॉक्सिप्रोपिल रूप घ्यावे लागते. इट्राकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाचे द्रवरूप त्याच्यामुळे शक्य झाले. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला मी हा आलेख काढायला सांगतो. रेषा कुठे वाकते आणि का, हे सांगणारे फार थोडे भेटतात. तुमच्या मुलीला ते येत असेल तर तिने फॉर्म्युलेशनच्या जागांसाठीही अर्ज करावा.

गोदातीर

परतीच्या वाटेबद्दल सातपूरकर म्हणतात ते मान्य. आमच्या महाविद्यालयातल्या जुन्या सहकाऱ्यांशी बोलून, कंपनीत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी शनिवारी एम.एस्सी.च्या वर्गाला विद्राव्यतेच्या आलेखांचे प्रात्यक्षिक द्यावे, असा प्रस्ताव मांडतो. सातपूरकर, पहिला शनिवार तुमचा धरू का? बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन आणि वर्णपटमापी विभागात आहेत. औषधाचा नमुना कोणता घ्यावा ते तुम्ही सुचवा.

सातपूरकर

पॅरासिटामॉल नको, ते फार सहज विरघळते. आयब्युप्रोफेन घ्या, बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये ते चांगले बसते आणि वर्णपटमापीवर दिसतेही. संपृक्त द्रावण समतोलाला यायला रात्रभर हलवत ठेवावे लागेल, तेव्हा बाटल्या शुक्रवारी दुपारीच लावायला सांगा.